टाकी भरून बघणं म्हणजे टेस्टिंग नव्हे: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

अनगोळच्या कामाबद्दल तुमची तक्रार वाचली. पाइपलाइनच्या टेस्टिंगपायी (पाइपात दाबाने पाणी भरून गळती तपासण्यापायी) गवंडी दोन दिवस बसून राहिला, टाकी भरून बघितलं असतं तरी भागलं असतं, आणि दाब दाखवणाऱ्या गेजची सुई 10 किलोवरून 9.5 वर आली तरी आम्ही ‘पास’ म्हटलं, असं तुम्ही लिहिलंय.

आधी टाकीचं. 10 मीटर उंचीचं पाणी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो दाब. टाकी पहिल्या मजल्याच्या गच्चीवर असली की खालच्या न्हाणीत जेमतेम पाऊण किलो मिळतो. सॉल्व्हेंट (पाइप चिकटवायचं द्रावण) न लावता नुसता दाबून बसवलेला सीपीव्हीसीच्या प्लॅस्टिक पाइपाचा जॉइंट एवढ्या दाबाला कित्येकदा कोरडाच दिसतो. पुढे प्रेशर पंप बसतो, कुणी नळ झटकन बंद करतं आणि तोच जॉइंट टाइल्सच्या आत निसटतो. चिऱ्याच्या भिंतीत पाणी मुरत उतरतं, ओल भलतीकडेच दिसते. त्यात आपल्याकडचा पावसाळा! ओल पावसाची की पाइपाची, हेच कळत नाही. म्हणून 10 किलो, निदान तासभर.

पहिला दिवस सॉल्व्हेंट वाळायला जातो. शेवटचा जॉइंट चिकटवल्यावर 24 तास आम्ही दाब चढवत नाही, नाहीतर चांगला जॉइंटही सरकतो. मग टाकीकडची लाइन एंड कॅपने बंद करायची. बॉल व्हॉल्व्हवर भरवसा नाही. गिझरच्या जागी गरम-थंड पॉइंट कनेक्शन पाइपने जोडले की दोन्ही लाइनी एकदम तपासल्या जातात. सगळ्यात वरचा प्लग सैल ठेवून खालून सावकाश पाणी भरायचं, म्हणजे हवा निघून जाते. कॉम्प्रेसरने हवा भरून काम लवकर आटपतं, पण पाइप फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात. ते आम्ही कधीच करणार नाही, तुम्हीही कुणाला करू देऊ नका.

आता सुई. दाबाखाली प्लॅस्टिकचा पाइप किंचित फुगतो, राहिलेली हवा दबते, म्हणून पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत सुई थोडी उतरतेच. तुमचा 9.5 तेव्हाचा. पुन्हा 10 वर नेऊन तिथून तास मोजला; सुई हलली नाही. गळती असती तर ती उतरतच राहिली असती. शिवाय प्रत्येक जॉइंटवर हात फिरवून बघितला, ब्रास एल्बो (पितळेचे काटकोनी जोड) आधी, कारण आट्यांवर टेफ्लॉन टेप कमी पडली की थेंब तिथेच धरतो.

टेस्टिंगच्या पंपाचं भाडं कोटेशनमध्ये वेगळं लिहिलेलं होतं. गवंड्याला त्या दोन दिवसांत बाहेरचा गिलावा देता येतो. वरच्या मजल्याच्या वेळी आम्ही त्याच्याशी आधीच बोलून घेऊ.

लाइन सध्या 3 किलोवर ठेवली आहे, गेज शॉवरच्या पॉइंटला आहे. टाइल्स पूर्ण होईपर्यंत ते काढू देऊ नका. ऊन-सावलीने सुई थोडी खालीवर होईल, त्याची काळजी नको. एकदम पडली तर शेवटचं ड्रिल किंवा ग्राइंडर जिथे चाललं तिथेच बघा आणि सिमेंट लावण्याआधी फोन करा. तेवढा तुकडा कापून दोन कपलर (पाइप जोडायचे तुकडे) घातले की झालं.