समीक्षक व्हायचंय? आधी पोहे खा

तर तुम्ही ठरवलंय की आता सिनेमावर लिहायचं. छान. नोकरी सांभाळून होतं, भांडवल लागत नाही, बायकोपण काही म्हणत नाही कारण तिला वाटतं ऑफिसचं काम चाललंय. आणि इंदूरात तर सोयच सोय आहे, इथे सकाळी सात वाजता पोह्याच्या ठेल्यावर हातात प्लेट घेऊन उभा असलेला प्रत्येक माणूस आधीपासूनच समीक्षक असतो, रस्ते, नगर निगम, टीम इंडिया आणि पिक्चर या चारही विषयांत, तुम्हाला फक्त त्याच्यापेक्षा जरा लांबलचक बोलायचंय. मी हे गेली सहा-सात वर्षं करतोय, म्हणून दोन शब्द अनुभवाचे.

पहिला गैरसमज डोक्यातून काढा की मत द्यायला पिक्चर बघावा लागतो. पूर्वी लागायचा. याच शहरात श्रीराम ताम्रकरांसारखी माणसं होऊन गेली, सिनेमावर लिहिण्यात अख्खं आयुष्य घातलं त्यांनी, पण त्यांना घाई नव्हती आणि तुम्हाला आहे. ट्रेलर पडला की मत तयार पाहिजे. 'छावा'चं आठवतं ना? २०२५च्या जानेवारीत ट्रेलर आला, त्यात संभाजीराजे लेझीम खेळताना दिसले आणि आमच्या ग्रुपवर चार दिवस नुसती लेझीम, दुसरा विषय नाही. असं होत होतं का, होत असलं तरी दाखवावं का, दाखवलं तरी त्या म्युझिकवर दाखवावं का. ज्यांनी शाळेच्या गॅदरिंगनंतर लेझीम हातात धरली नाही ते सुद्धा पावलं मोजायला लागले. मी स्वतः तीनशे शब्द लिहिले, लोकांनी ते इतकं फॉरवर्ड केलं की माझंच लेखन मला साडूकडून परत आलं, नाव काढून. मग दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी तो सीनच काढून टाकला आणि १४ फेब्रुवारीला पिक्चर लागला तेव्हा त्यात लेझीम नव्हतीच. म्हणजे माझं आजवरचं सगळ्यात गाजलेलं परीक्षण हे पिक्चरमधे नसलेल्या सीनचं आहे. करून दाखवा.

तिकडे तमिळ निर्मात्यांनी २०२४मधे मद्रास हायकोर्टात मागणी केली होती की रिलीजनंतर पहिले तीन दिवस कोणी परीक्षण टाकू नये. बिचारे. रिलीजनंतरचे तीन दिवस! त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं की आम्ही रिलीजच्या तीन आठवडे आधीच सगळं उरकून मोकळे होतो.

आता भाषा. यासाठीच म्हटलं आधी पोहे खा, आणि खाताना ठेलेवाल्याकडे नीट बघा. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेवर ठेवलेले पोहे तो प्लेटमधे काढतो, वर कांदा, वर शेव, आणि मग तो भोकं पाडलेला डबा उचलून मनगटाने दोन झटके देतो, जीरावन, म्हणजे आमचा पोह्यावरचा मसाला. संपलं. खालचे पोहे सहाला केलेले असोत की दहाला, कोरडे असोत की गिळगिळीत, जीरावन पडलं की सगळं एक लेव्हलला येतं. तुमच्याकडे असा एक शब्दांचा डबा हवा. 'लेयर्ड' हा मुख्य मसाला, कशावरही चालतो. 'प्रत्येक फ्रेम पेंटिंग आहे' हे जिथे काही घडत नाही अशा पिक्चरला. 'शहर हेच एक पात्र आहे' हे जिथे पात्रांना काही काम दिलेलं नाही तिथे. आणि 'सेकंड हाफ सैल पडतो' हे वाक्य तर पाठच करून ठेवा, जगात असा एकही पिक्चर नाही ज्याबद्दल हे खोटं ठरेल, कारण सेकंड हाफमधे माणसाच्या पोटात समोसा असतो. त्याच्या जोडीला 'एडिटिंग अजून क्रिस्प हवं होतं, दहा मिनिटं सहज कापता आली असती.' कुठली दहा, ते कधीच सांगायचं नाही. मला एकदा एका मुलाने विचारलं, सर कुठली दहा? मी त्याला ब्लॉक केलं.

स्टारचं गणित सोपं आहे. साडेतीन. बास. पाच दिले तर लोक म्हणतात पैसे खाल्ले, दोन दिले तर फॅन लोक तुमच्या आईपर्यंत जातात, तीन दिले तर दोन्ही बाजू नाराज. साडेतीन म्हणजे लग्नातलं पाचशे एकचं पाकीट, घेणारा तोंड वाकडं करत नाही आणि देणाऱ्यालाही कोणी कंजूष म्हणत नाही.

आकडे मात्र टाकायचेच, त्याशिवाय लोक सिरियसली घेत नाहीत. इथे इंदूरकर म्हणून तुमचा अधिकारच आहे, कारण वितरणाच्या धंद्यात देशाचे जे इलाके पाडलेत त्यातला सेंट्रल इंडिया हा इलाका इंदूरवरून चालत आलाय, ट्रेडवाले नुसतं 'सी.आय.' म्हणतात आणि तुम्हीही तसंच म्हणा, अर्थ विचारणारा कमीपणा घेतो. फक्त हिशेबाच्या माणसासमोर म्हणू नका. आमच्या गल्लीत एक काका आहेत, आयुष्यभर एका वितरकाकडे खाती लिहिली, मी त्यांच्यापुढे एकदा 'भिया, पिक्चरने शंभर कोटी कमावले' असं फेकलं. काका पेपरातून वर न बघता म्हणाले, "ग्रॉस की नेट?" मी म्हटलं, कमावले ना, शंभर. मग त्यांनी पेपर ठेवला (इथेच मी निघायला हवं होतं) आणि पेपरच्या कडेला पेनने हिशेब मांडला. तीनशेचं तिकीट, त्यात अठरा टक्के जीएसटी बसलेला, तो काढला की उरले दोनशे चोपन्न, हे नेट. त्यातले मल्टिप्लेक्सकडून पहिल्या आठवड्याला वितरकाला निम्मे, म्हणजे एकशे सत्तावीस. दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस टक्के, मग साडेसदतीस, मग तीस, २००९मधे निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं भांडण होऊन दोन महिने नवे हिंदी पिक्चर लागले नव्हते, त्यानंतर हा भाव ठरला. "म्हणजे तुझ्या शंभर कोटीतले पहिल्या आठवड्याच्या भावाने धरले तरी बेचाळीस आले हातात. आणि पिक्चर बनला कितीत?" मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, काका, पण शंभर हा आकडा दिसायला बरा दिसतो. काका म्हणाले, "हां, पोस्टरवर." तुम्ही पोस्टरवरूनच लिहा. काकांच्या पद्धतीने लिहिलं तर एकही पिक्चर हिट होत नाही आणि मग लिहायचं कशावर.

तसंच ते टॅक्स फ्रीचं. त्याच फेब्रुवारीत आपल्या मध्य प्रदेश सरकारने 'छावा' टॅक्स फ्री केला, आणि आमचे एक मेहुणे थिएटरच्या काउंटरवर भांडायला लागले की तिकीट एवढंच का कमी झालं. जीएसटी आल्यापासून राज्याला फक्त आपला वाटा सोडता येतो, अठरातला नऊ, बाकीचा नऊ केंद्राचा, तो राहतोच. हे लेखात टाकू नका. तुम्ही 'टॅक्स फ्री झाला याचा अर्थ कळलाच असेल' एवढंच लिहा आणि पुढे तीन टिंबं द्या. समर्थकांना वाटतं तुम्ही समर्थन केलंत, विरोधकांना वाटतं टोमणा मारलात. टिंबांसारखं सेफ काही नाही.

मागची मतं मिटवायला शिका, ही खरी कला. 'तुंबाड' २०१८च्या ऑक्टोबरात लागला तेव्हा मी लिहिलं होतं, 'पाऊस जास्त, पिक्चर कमी.' मला तेव्हा हे फार चमकदार वाटलं होतं. थिएटर रिकामंच होतं, माझ्या वाक्याला कोणी हरकत घेतली नाही. मग २०२४च्या सप्टेंबरमधे तो परत लावला आणि परत लावल्यावर त्याने पहिल्यापेक्षा जास्त धंदा केला, आणि माझे सगळे मित्र, जे पहिल्यांदा गेले नव्हते, ते 'अरे काय पिक्चर आहे' म्हणत फोन करायला लागले. मी शांतपणे सांगितलं, मी तर तेव्हाच म्हणत होतो, लोकांना कळला नाही. आणि रात्री उठून जुनी पोस्ट काढून टाकली. घाईत काढताना तिच्या शेजारची आमच्या साखरपुड्याच्या फोटोची पोस्टपण गेली, ते प्रकरण अजून चालू आहे. म्हणून सांगतो, मिटवताना चष्मा लावा.

इंदूरचं कनेक्शन प्रत्येक परीक्षणात आलंच पाहिजे, नाहीतर मुंबई-पुण्याचे लोक काय कमी आहेत लिहायला. पिक्चरमधे गाणी आहेत? लतादीदी १९२९मधे इथे शीख मोहल्ल्यात जन्मल्या. डायलॉग आहेत? सलीम खान इंदूरचे. कॉमेडी आहे? जॉनी वॉकर इंदूरचे. काहीच नाहीये? किशोरकुमार इथे ख्रिश्चन कॉलेजात शिकले आणि कँटीनवाल्याचे पैसे बुडवून गेले असं सांगतात. कोरियन पिक्चरवर लिहितानाही मी हे आणलंय, हिरोच्या खिशात पैसे नव्हते त्यावरून.

आणि हो, कोणी फारच हिणवलं तर सांगा की राष्ट्रीय पुरस्कारांत १९८४पासून सर्वोत्कृष्ट समीक्षकालाही बक्षीस असतं. माझ्या आईला मी हे सांगितलं. आई म्हणाली, तुला कधी मिळणार. तेव्हापासून हा मुद्दा मी घरात काढत नाही.

राहता राहिला मराठी पिक्चर. हा जरा नाजूक भाग आहे. मराठी पिक्चर इंदूरला लागला हीच मुळात बातमी असते, त्यामुळे तो कसा आहे हे विचारणं म्हणजे बारशाला जाऊन बाळाचं नाक बघण्यासारखं. रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत सगळे ग्रुपवर लिहितात, 'आपण गेलं पाहिजे, आपण नाही गेलो तर कोण जाणार', हात जोडलेले इमोजी, आणि मग कोणी जात नाही कारण त्याच दिवशी इथल्या 'सानंद' या मराठी संस्थेचं नाटक असतं किंवा कोणाकडे तरी सत्यनारायण असतो. तुम्ही मात्र जायचं. निदान एकदा.

मी मागे गेलो होतो. रविवार, सकाळचा नऊ चाळीसचा शो, अख्ख्या शहरात तेवढा एकच. बरोबर आत्या आणि आत्याच्या भिशीतल्या एक काकू. काउंटरवरची मुलगी म्हणाली, सर, मिनिमम पाच तिकटं झाली तर शो चलेगा, नहीं तो कॅन्सल. आम्ही तिघं. दहा मिनिटं आम्ही तिथे उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याकडे असं बघत होतो जसे स्टेशनबाहेर रिक्षावाले बघतात. आत्याने तर एका सरदारजींना विचारलं, मराठी येतं का. शेवटी भंवरकुआंच्या कोचिंगवाली वाटणारी एक जोडी आली, पाठीला बॅगा, त्यांना मराठी येत नव्हतं आणि पिक्चरशीही काही घेणंदेणं नव्हतं, त्यांना रिकामा हॉल हवा होता. त्यांनी सगळ्यात मागच्या रांगेची दोन काढली. मराठी सिनेमाला इंदूरात कोणी जिवंत ठेवलंय याचा कधी इतिहास लिहिला गेला तर या दोघांचं नाव यावं. मला ते माहीत नाही, असतं तरी सांगितलं नसतं.

पिक्चर गावाकडचा. मुलगा मुंबईला गेलाय, आई रोज एसटी स्टँडवर येऊन बसते. एसटी येते. थांबते. धूळ. कोणी उतरत नाही. एसटी जाते. मग आईचा चेहरा, बराच वेळ. मग पुन्हा एसटी. पहिल्या तीन एसट्यांना मी वहीत लिहिलं, 'लेयर्ड'. पाच माणसांसाठी एसी पन्नास माणसांचा लावला होता, आत्याने पदर डोक्यावरून घेतला, काकू इंटरवलला 'घरी पाहुणे यायचेत' म्हणून निघून गेल्या, मी समोसा खाल्ला आणि परत येऊन बसलो. एसटी आली. थांबली. त्यानंतरचं मला डायरेक्ट दिवे लागलेले आठवतात, आणि झाडूवाला उभा.

घरी येऊन लिहायला बसलो. 'सैराट'शी तुलना केली, ती करायचीच असते, २०१६पासून प्रत्येक मराठी पिक्चर त्या एका दाराखालून वाकून जातो. आईच्या चेहऱ्यावर एक परिच्छेद झाला, धुळीवर एक झाला, सेकंड हाफ सैल पडतो लिहिलं. आणि अडलो.

तेवढ्यात आत्याचा फोन. "काय रे, तो मुलगा शेवटी आला का परत?"

मी म्हटलं, "आत्या, तू शेजारीच होतीस ना."

"होते रे, पण मला वाटलं तू बघतोयस."

काकू इंटरवललाच गेल्या होत्या. मागच्या रांगेतल्या दोघांचा नंबर आमच्याकडे नव्हता, आणि असता तरी त्यांना काय विचारणार. पाच तिकिटं गेली, शो पूर्ण चालला, आणि त्या पिक्चरचा शेवट इंदूरात एकालाही माहीत नव्हता. आत्याचं म्हणणं पडलं की यायलाच पाहिजे, एवढ्या एसट्या आल्या त्यातल्या एकीतून तरी उतरेलच ना. मला वाटत होतं न येणं जास्त लेयर्ड आहे. पंधरा मिनिटं आम्ही यावर वाद घातला, आत्या चिडली, म्हणाली तुम्हा आजकालच्या मुलांना आईची किंमतच नाही, आणि फोन ठेवला.

मग मी शेवटची ओळ लिहिली. 'दिग्दर्शकाने शेवट प्रेक्षकांवर सोडला आहे.' साडेतीन स्टार.