ओनरचा रिप्लाय: "न्यू बर्न ते अ‍ॅपोमॅटॉक्स" डे टूर, एडिसनहून (न्यू जर्सी)

नमस्कार दादा, आधी सॉरी. सुट्टीचा दिवस घालून फॅमिलीला घेऊन आलात आणि मनासारखं झालं नाही, वाईट वाटलं. पण दोन स्टार बघून रात्रभर झोप नाही हो, आमची एकच व्हॅन आहे आणि बुकिंग सगळं या रिव्ह्यूंवरच येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं, अमेरिकन सिव्हिल वॉरमधल्या एका रेजिमेंटचा चार वर्षांचा इतिहास व्हॅनमध्ये दहा मिनिटांत गुंडाळला आणि मग तासभर एका जंगलात उभं केलं. आता ही रेजिमेंट, म्हणजे दक्षिणेच्या फौजेतली २६वी नॉर्थ कॅरोलायना, मार्च १८६२ ला न्यू बर्नला पहिल्यांदा लढली, मग मॅल्व्हर्न हिल, गेटिसबर्गनंतर ब्रिस्टो स्टेशन, विल्डरनेस, पीटर्सबर्ग आणि एप्रिल १८६५ ला अ‍ॅपोमॅटॉक्सला शरणागती. तीन राज्यं होतात ही, एका दिवसात तोंडीच सांगावं लागतं आणि बुकिंग करताना तसं लिहिलेलं आहे. आणि ते "जंगल" म्हणजे आपण गेलो त्या गेटिसबर्गला विलोबी रनचा ओढा ओलांडून १ जुलै १८६३ ला ही रेजिमेंट चढून गेली ती जागा. आठशेच्या आसपास माणसं होती, साडेपाचशेच्या वर मेली किंवा जखमी झाली. झेंडा धरणारे एकामागून एक चौदा पडले, त्यात रेजिमेंटचा प्रमुख कर्नल बर्गविन, वय २१. समोरच्या उत्तरेच्या २४व्या मिशिगन रेजिमेंटचेही ४९६ पैकी ३६३ जण मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. तिथे घाई करायला मला तरी जमत नाही.

आता मुख्य मुद्दा. तिथल्याच लढाईत ३ जुलैला झालेल्या हल्ल्याचं मैदान "नुसतं काचेतून दाखवलं" म्हणालात. बरोबर आहे, काचेतूनच दाखवलं. पण पिकअप साडेसहाचा होता, तुम्ही सव्वासातला आलात, मी तीन फोन केले, बाकीचे नऊ जण व्हॅनमध्ये बसून होते. नंतर हायवेवर चहासाठी थांबायचा आग्रहही तुमचाच (चहा मीच पाजला, त्याचं काही नाही). लायसन्स्ड गाईडची वेळ साडेदहाची, आपण पोचलो साडेअकराला, आणि त्यांचं पुढचं बुकिंग होतं. सेमिनरी रिजपासून दगडी भिंतीपर्यंतचं मैलभर चालणं त्यातच गेलं. माझ्याही जिवाला लागलं ते, टूरमधला माझा सगळ्यात आवडता भाग आहे. रिव्ह्यूत मात्र पंचेचाळीस मिनिटांचा उल्लेखच नाही.

"गुलामगिरीवाल्यांचं कौतुक केलं" हे मात्र फार लागलं. बर्गविनच्या घरची शेती गुलामांच्या जिवावर चालायची आणि ही सगळी फौज कशासाठी उभी राहिली, हे हॅरिसबर्गच्या आधीच सांगितलं होतं, तुम्ही तेव्हा मागच्या सीटवर झोपला होतात. झोपू नये असं नाही, पहाटे उठला होतात.

आणि याच रेजिमेंटच्या लेफ्टनंट कर्नल लेनची गोष्ट "फिल्मी" नाही. बर्गविननंतर त्याने झेंडा उचलला, गोळी मानेतून घुसून जबडा फोडून गेली तरी जगला, आणि १९०३ मध्ये गेटिसबर्गलाच गोळी मारणाऱ्या मिशिगनच्या मॅकॉनेलला भेटला. गाईडचं इंग्लिश मी मराठीत करून सांगत होतो, माझ्या आवाजात ते नाटकी वाटलं असेल तर सॉरी.

९५ डॉलरचं म्हणाल तर गाईडची फी, टोल, गॅस आणि जेवणाचे डबे त्यातच आले. पुढे टायमिंगचं काहीतरी बघतोच, व्हॅनमधला माईकही बदलायचाय. परत आलात तर ते मैदान चालायला मी स्वतः घेऊन जाईन, वेगळे पैसे नाही घेणार, फक्त साडेसहाला या.