‘कार्ड कुठलेही असो, मॉनिटर ४केच घ्या’ : एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

गेमिंगसाठी मॉनिटर घ्यायला निघालेल्याला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. मॉनिटर वर्षानुवर्षे टिकतो आणि ग्राफिक्स कार्ड (संगणकात गेमचे चित्र रंगवणारा भाग) मध्येच बदलता येते, म्हणून मॉनिटर ४केच, म्हणजे ३८४० × २१६० पिक्सेलचा (ठिपक्यांचा), घ्यावा. कार्डाला झेपले नाही तर गेम १०८०पीवर, म्हणजे १९२० × १०८० पिक्सेलवर, चालवावा, कारण ४के म्हणजे त्याची बरोबर चौपट, त्यामुळे चित्र बिघडत नाही. आणि उरलेली कसर डीएलएसएस, म्हणजे लहान मापात रंगवलेले चित्र एआयच्या मदतीने मोठे करणारे एनव्हिडिया कंपनीचे तंत्र, भरून काढते. यातली बहुतेक विधाने अर्धी खरी आहेत, म्हणूनच ती एकेक करून तपासावी लागतात. उदाहरणादाखल २०२३ साली आलेले, ८ जीबी मेमरीचे एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० हे कार्ड घेऊ.

चौपटीचे गणित चुकीचे नाही. १९२० × १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल आणि ३८४० × २१६० म्हणजे सुमारे ८२.९ लाख. मात्र १०८०पीचे चित्र ४के पडद्यावर ताणताना ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) किंवा मॉनिटर सहसा एका पिक्सेलचे चार सारखे पिक्सेल करत नाही, तर शेजारच्या रंगांची सरासरी काढून कडा गुळगुळीत करतो. परिणामी नकाशावरची बारीक अक्षरे आणि बंदुकीच्या नेमाची रेघ धुरकट दिसते. यावर इंटिजर स्केलिंगचा, म्हणजे एका पिक्सेलचे हुबेहूब चार पिक्सेल करण्याचा, उपाय आहे, आणि एनव्हिडियाने तो २०१९ मध्ये ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांना दिला. पण तो आपण होऊन चालू करावा लागतो. तो चालू केल्यावर हाती काय येते, तर २७ इंची पडद्यावर इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल. २४ इंची साध्या १०८०पी मॉनिटरवर ते ९२ असतात. म्हणजे जास्त पैसे मोजून आपण अधिक भरड चित्र घरी आणले. शिवाय १०८०पी आणि ४के यांच्यामधली वाट, म्हणजे १४४०पी (२५६० × १४४०), इथे बंद होते, कारण ४केशी तिचे प्रमाण दीडपटीचे आहे आणि दीड पिक्सेल कोणालाच दाखवता येत नाही. (दुकानदार या १४४०पीलाच ‘२के’ म्हणतात, ते नाव चुकीचे असले तरी आता त्यावर वाद घालण्यात अर्थ उरलेला नाही.)

डीएलएसएसचा मुद्दा अधिक वजनदार आहे, आणि त्याला त्याचे श्रेय द्यायला हवे : परफॉर्मन्स मोडमध्ये १०८०पीवरून उभे केलेले ४केचे चित्र अनेकदा मूळ १०८०पीपेक्षा सरस दिसते. चूक आहे ती ‘म्हणजे कार्डावर भार १०८०पीएवढाच’ या निष्कर्षात. चित्र मोठे करण्याच्या कामाला प्रत्येक फ्रेममागे (पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक चित्रामागे) वेळ लागतो, मेनू आणि शेवटचे काही परिणाम पूर्ण ४केवरच रंगवले जातात, आणि ४केच्या मापाचे बफर (चित्रे तात्पुरती साठवण्याच्या जागा) कार्डाच्या मेमरीतही जागा अडवतात. फ्रेम जनरेशनने (दोन फ्रेमच्या मध्ये कृत्रिम फ्रेम घालणाऱ्या सोयीने) सेकंदाला ३० फ्रेमचा आकडा ६० दाखवला, तरी माऊस हलवल्यावर हात मात्र ३०चाच जडपणा अनुभवतो.

मेमरीबद्दल हा सल्ला काहीच बोलत नाही, आणि माझ्या मते त्याची सर्वांत मोठी उणीव हीच आहे. कार्डाची ८ जीबी भरली की टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) संगणकाच्या मुख्य रॅममधून, कार्डाला मदरबोर्डशी जोडणाऱ्या पीसीआयई मार्गाने आणावे लागतात. ४०६०ला या मार्गाच्या आठच लेन आहेत, आणि जुन्या, तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर त्यांचा वेग निम्मा होतो. अशा वेळी सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण वळणावर गाडी फिरवताच चित्र अडखळते. सरासरीच्या तक्त्यात हा हिसका दिसत नाही.

‘४केवर प्रोसेसरचा अडथळा दूर होतो’ हे विधानही फिरते. प्रत्यक्षात अडथळा दूर होत नाही, कार्ड त्याच्या आधीच दमते एवढेच.

राहिला टिकाऊपणाचा मुद्दा. मॉनिटर कार्डापेक्षा जास्त टिकतो, हे मान्य. दिवसभर देवनागरी मजकूर वाचणाऱ्याला २७ इंची ४के पडद्यावर, इंचाला १६३ पिक्सेलमुळे, जोडाक्षरे कोरल्यासारखी स्वच्छ दिसतात, आणि त्या कारणाने कोणी ४के घेतला तर माझी हरकत नाही. पण निव्वळ गेमसाठी, न घेतलेल्या कार्डाच्या भरवशावर, आजची दोन-तीन वर्षे तडजोडीत काढण्यापेक्षा ४०६०च्या दर्जाच्या कार्डाला २७ इंची १४४०पी किंवा २४ इंची १०८०पी मॉनिटर शोभतो. १४४०पीचे सुमारे ३६.९ लाख पिक्सेल ४केच्या निम्म्याहूनही कमी आहेत.

यावर विश्वास ठेवण्याचीही गरज नाही. सध्याचा मॉनिटर १०८०पी असेल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये डीएसआरचे (गेम मोठ्या मापात रंगवून पडद्याएवढा लहान करून दाखवणाऱ्या सोयीचे) १.७८ आणि ४.०० हे दोन गुणक निवडावेत. एएमडीच्या कार्डांत याच कामासाठी व्हर्च्युअल सुपर रेझोल्यूशन आहे. मग गेमच्या यादीत २५६० × १४४० आणि ३८४० × २१६० हे पर्याय उमटतात, आणि नवा मॉनिटर न घेताही कार्डाची दमछाक बऱ्याच अंशी कळते. नेहमीचा गेम दोन्हींवर अर्धा-अर्धा तास, त्यातल्या सर्वांत गर्दीच्या जागी खेळून पाहावा, आणि पैसे त्यानंतर मोजावेत.