कच्चे राहू नका, पक्के व्हा

लहानपणी खेळात धाकट्या भावंडाला 'कच्चा लिंबू' म्हणून घ्यायचे. तो पळायचा, पडायचा, आणि आउट झाला तरी कुणी धरायचं नाही. तुरुंगातही कच्चा लिंबू असतो, फक्त नियम उलटा. तिथे डाव सुरू व्हायच्या आधीच तो आउट असतो. सरकारी कागदावर त्याला न्यायाधीन बंदी म्हणतात, बराकीत कच्चा कैदी. शिक्षा लागली तो पक्का. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 च्या अखेरीस देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे होते, म्हणजे चारातले तीन. तेव्हा तुमच्यावर वेळ आलीच तर तुम्ही कच्चेच असणार हे धरून चला आणि एकच सल्ला गाठीला बांधा: लवकरात लवकर दोषी ठरा.

पक्क्याचा थाट बघा. त्याला संचित रजा (फर्लो) आहे, अभिवचन रजा (पॅरोल) आहे. त्यासाठी 1959 सालापासून नियम आहेत, अर्ज आहे, पोलीस अहवाल आहे, नाकारलं तर उच्च न्यायालयाची वाट आहे. संचित रजेवर घरी काढलेले दिवस, तो वेळेवर परतला तर, शिक्षेतच धरले जातात. त्याला काम मिळतं, कामाचे पैसे मिळतात, चांगल्या वागणुकीची माफी मिळते. येरवड्यात 2022 साली 'जिव्हाळा' नावाची योजना निघाली, तीत पक्क्या कैद्याला राज्य सहकारी बँकेचं 50 हजारांपर्यंत कर्ज मिळू लागलं. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत तर औंध संस्थानाच्या काळापासून, 1939 पासून आहे. तिथे निवडक पक्के कैदी बायकोमुलांसह राहून शेती करतात. कच्च्याला यातलं काय मिळतं? त्याला 'दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष' हे तत्त्व मिळतं. ते अंथरता येत नाही आणि पांघरताही येत नाही.

आता मुलाकात. तुरुंगात 'भेट' म्हणत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. भेट म्हटलं की माणसं एकमेकांजवळ येतात असा गैरसमज होतो. घरच्यांना सांगून ठेवा: ई-मुलाकातीच्या पोर्टलवर जायचं, राज्य निवडायचं, तुरुंग निवडायचा, बंद्याचं नाव, वडिलांचं नाव, येणाऱ्याचं ओळखपत्र, मग मोबाईलवर ओटीपी. नाव वॉरंटवर जसं पडलंय तसंच टाकायचं, आईबापांनी ठेवलंय तसं नाही. अटकेच्या रात्री अडीच वाजता कुणी घाईत 'ज्ञानेश्वर'चं 'दयानेश्वर' केलं असेल, तर आता तुम्ही दयानेश्वर. खिडकीवरचा माणूस आधार आणि नोंद शेजारी शेजारी धरतो, चष्मा वर करतो, आणि तुमच्या बायकोला बाजूला उभं राहायला सांगतो. काळजी नको, बाजूला उभं राहणाऱ्यांचीही रांग असते.

कच्च्याला साधारण आठवड्याला एक मुलाकात, पंधरा-वीस मिनिटांची. मधे काच, दोन्हीकडे इंटरकॉमचा रिसीव्हर. तुमच्या बाजूला तुम्ही एक, पलीकडे माणसं तीन आणि रिसीव्हर एकच. आई बोलते तेव्हा बायको तुमच्या ओठांकडे बघते. तिच्या हातात येईस्तोवर निम्मा वेळ 'जेवतोस ना' आणि 'वकील काय म्हणाला' यात गेलेला असतो. पोराला उचलून धरलं की ते रिसीव्हरमध्ये न बोलता थेट काचेशी बोलतं. इकडे काही ऐकू येत नाही, तरी बापाने मान हलवायची असते. शेजारच्या खिडकीत कुणीतरी ओरडतोय, कारण त्याच्या रिसीव्हरची वायर सैल आहे. दाबून धरली की आवाज येतो, सोडली की जातो. यावर उपाय सोपा: सांगायचं ते घरच्यांनी तळहातावर पेनाने लिहून आणावं. हात काचेला टेकवला की वायर कशीही असो, वाचता येतं. मात्र बायकोला आधी बजावा, की तळहातावर एवढंच मावतं: तारीख, वकिलाची फी, आणि घरातली एक बातमी. दोन बातम्या असतील तर कोणती लिहायची ते तिने ठरवावं. ती बहुधा बरी बातमी लिहिते. वाईट बातमी तुम्हाला नव्याने आलेल्या गाववाल्याकडून कळेलच.

मुलांना मांडीवर घ्यायची हौस असेल तर त्याचीही सोय आहे. महाराष्ट्रातल्या तुरुंगांत 'गळाभेट' नावाचा कार्यक्रम होतो, सोळा वर्षांखालची मुलं आत येतात. पण तो मुख्यतः शिक्षा भोगणाऱ्यांसाठी. म्हणून तर म्हणतोय, पक्के व्हा.

कच्च्यासाठी खरी गळाभेट होती ती तारखेला. कोर्टाच्या आवारात पोलीस गाडी थांबली, की लॉकअपपर्यंतच्या पन्नास पावलांत नातेवाईक गाठायचे. हातात बिस्किटाचा पुडा, पोराचा हात क्षणभर हातात, आणि सोबतच्या पोलीस पार्टीतला हवालदार भला असेल तर दोन मिनिटं तो दुसरीकडे बघायचा. कायद्यात ही मुलाकात कुठेच नाही, म्हणून ती सगळ्यात चांगली चालायची. मग व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंग, आली. आता बराकीतून उठून एका खोलीत कॅमेऱ्यासमोर बसायचं, पडद्यावर न्यायाधीश टिकलीएवढे दिसतात, नाव पुकारलं की हात वर करायचा, पुढची तारीख ऐकायची आणि उठायचं. सरकारचं डिझेल वाचलं, पळून जायची भीती गेली, पन्नास पावलंही गेली. ज्यांना अजून कोर्टात नेतात त्यांच्यासाठी 'आज गार्ड मिळाला नाही' हे वाक्य आहेच. कोर्टाच्या रोजनाम्यात 'आरोपी हजर नाही' अशी नोंद पडते. जणू तुम्हीच आळस केलात. घरच्यांनी ई-कोर्टच्या संकेतस्थळावर खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून तारीख बघायला शिकावं. आतल्या माणसाला ती सहसा सगळ्यात शेवटी कळते.

घरात कुणी गेलं तर? पक्क्याला तातडीची अभिवचन रजा तुरुंग प्रशासनच देऊ शकतं. कच्च्याने कोर्टात अर्ज करायचा, त्यावर सरकारी वकिलाचं म्हणणं मागवलं जातं, पोलिसांचा अहवाल येतो, आणि परवानगी मिळालीच तर कधी कधी बंदोबस्ताचा खर्च स्वतः भरायच्या अटीवर. वडिलांना आधी सांगून ठेवा, की सोमवार ते गुरुवारच्या आत जा. शुक्रवारी संध्याकाळी गेलात तर दहाव्यालाच गाठ.

पत्रं लिहा म्हणतात. लिहा. मात्र पत्र आधी कार्यालयातला माणूस वाचतो, मग ज्याचं आहे तो. म्हणून त्याला वाचता येईल अशा भाषेत आणि सुवाच्य अक्षरात लिहा, एकाच्या कागदात दोघांची करमणूक. पार्सल पाठवताना मात्र सांभाळून. 2020 साली तळोज्यात एका कच्च्या कैद्याचा चष्मा चोरीला गेला, घरच्यांनी पोस्टाने नवा पाठवला, तो परत आला. उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. 2022 मध्ये त्याच कैद्याला एका इंग्रज विनोदी लेखकाचं पुस्तक सुरक्षेच्या कारणावरून नाकारल्याचं समोर आलं, आणि उच्च न्यायालयालाच ते हास्यास्पद वाटलं. पुस्तकाचा हेतू, म्हणायचं तर, सफल झाला.

आता तुम्ही म्हणाल, जामीन आहे की. आहे ना. जामीन होणं आणि बाहेर येणं या दोन वेगळ्या घटना आहेत, लग्न ठरणं आणि लग्न होणं यांसारख्या. आदेशात लिहिलेलं असतं: 15 हजारांचा जातमुचलका (स्वतःचं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. जामीनदाराकडे हवं काय? आधार, पॅन, रेशनकार्ड, फोटो. नोकरी असेल तर पगाराच्या पावत्या, शेती असेल तर सातबारा, घर असेल तर घरपट्टीची पावती. तहसीलदाराचा सॉल्व्हन्सी दाखला, म्हणजे ऐपतीचा दाखला. आणि आधी आणखी कुणाला जामीन राहिलाय का याचं प्रतिज्ञापत्र. हे सगळं ज्याच्याकडे आहे त्याने कोर्टात येऊन सांगायचं, की हो, मी याला ओळखतो. ज्यांच्याकडे एवढे कागद असतात ते तुम्हाला ओळखत नाहीत, आणि जे ओळखतात ते भाड्याने राहतात. कोर्टाच्या आवारात 'जामीनदार पाहिजे का' असं हळूच विचारणारे भेटतात. त्यांच्या नादी लागलात आणि कागद बनावट निघाले तर नवा गुन्हा. नव्या गुन्ह्याचं महत्त्व पुढे येईल, लक्षात ठेवा.

जामीन मिळूनही माणूस सात दिवसांत सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिना झाला तर कोर्टाने स्वतःहून अटी सैल करायचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांच्या जामिनासाठी 40 हजारांपर्यंत मदतीची योजना आणली. तेव्हा बराकीत बसून हे अधीक्षकांना, अधीक्षकांनी प्राधिकरणाला, प्राधिकरणाने त्या योजनेच्या समितीला कळवलंय का, याची चौकशी करत राहा. वेळ छान जातो. आर्थर रोडच्या दाराशी जामिनाच्या आदेशांसाठी पेटी होती. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ती शेवटची उघडायची. वकील पावणेसहाला पोचला तर स्वातंत्र्य एक रात्र पेटीत झोपायचं.

बरं, कायद्याने आपोआप सुटायचीही सोय आहे. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिचं कलम 479: पहिल्यांदाच सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचं, इतरांना निम्म्याला. जन्मठेप किंवा फाशीचा गुन्हा असेल तर नाही. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे बारा महिने. अर्ज तुरुंग अधीक्षकांनीच करायचा असतो. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नवा कायदा यायच्या आधीच्या कैद्यांनाही लागू असल्याचं सांगितलं. पण त्याच कलमात पुढे एक ओळ आहे: एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. खिशात दोन मोबाईल सापडले आणि दोघा मालकांच्या दोन फिर्यादी झाल्या, की बारा महिने विसरा. चोरी करायचीच तर एका वेळी एक.

आणि इथेच शहाण्या माणसाचा रस्ता सुरू होतो: गुन्हा कबूल करा. आठ-नऊ महिने झालेत, साक्षीदार येत नाहीत, बायको धुणीभांडी करतेय, पोराची शाळा सुटलीय. न्यायाधीशांना सांगा, केलंय मी. ते दोनदा विचारतील, कुणाच्या दबावाखाली नाही ना? नाही म्हणा. दबाव कुणाचा म्हणून सांगणार, बराकीत रात्री कूस बदलायला जागा नसते त्याचा? 'भोगली तेवढी शिक्षा' असा निकाल होतो आणि संध्याकाळी तुम्ही घरी. केली नसेल चोरी, तरीही. खटला लढणारा शेजारी अजून आतच असतो. निर्दोष असल्याचा हट्ट त्याला परवडतो कसा, कोण जाणे.

किरकोळ परिणाम असतात. पुढच्या वेळी उचलला तर एक तृतीयांशाची सवलत नाही, कारण आता तुम्ही पूर्वी दोषी ठरलेले. गणपती, निवडणूक, कुठलाही बंदोबस्त आला की चॅप्टर केससाठी, म्हणजे प्रतिबंधक कारवाईसाठी, ठाण्यात बोलावणं. नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत जे लिहून येतं ते येतं. पण तुम्ही पक्के झालात, यादीत कायमचं नाव लागलं. सरकार इतक्या नियमाने आठवण काढतं अशी माणसं थोडी.

कच्चं राहण्याचा एक फायदा मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. तुरुंगातून मत देता येत नाही, कच्च्यालाही नाही, पक्क्यालाही नाही. निवडणूक मात्र कच्च्याला लढवता येते. 2024 मध्ये बारामुल्लातून निवडून आलेले खासदार तेव्हा तिहारमध्ये कच्चेच होते. स्वतःला मत द्यायची मुभा नाही, बाकी लाखोंनी दिलं तर चालतं. दोन वर्षांची शिक्षा लागली की हेही बंद. तेव्हा लोकसभेचा विचार असेल तर कबुलीची घाई करू नका.

आणि एवढं सांगूनही तुम्ही खटला लढवलात, तीन वर्षांनी निर्दोष सुटलात, तर हिशेबाचं काय ते ऐका. दोषी ठरला असतात तर आत काढलेला एकेक दिवस शिक्षेतून वजा झाला असता, तसं त्याच संहितेत कलमच आहे, 468. निर्दोष सुटलात, आता वजा कशातून करणार? ते दिवस तुमच्याकडे ठेवा.

सुटकेची वेळ घरच्यांना सांगू नका, ती कुणालाच माहीत नसते. कार्यालयात खात्यावरचे पैसे मोजून घ्या, सही करा. दुसऱ्या कुठल्या कोर्टाचं वॉरंट तुमच्या नावावर पडलंय का ते रजिस्टरात बघतील. असेल तर पिशवी उचलून परत फिरा. नसेल तर नाव विचारतील, तेव्हा 'दयानेश्वर'च सांगा. मग आत आलात त्या दिवशी लिहून घेतलेल्या अंगावरच्या खुणा जुळवतात: उजव्या भुवईच्या वर तीळ, डाव्या पोटरीवर जुना व्रण. दिवा जरा तिरपा असतो. विजार वर करा आणि मान उजेडाकडे वळवा.