आय सेव्हन लॅपटॉप आणि आय फाइव्ह डेस्कटॉप : निपाणीच्या दादांना उत्तर

नमस्कार दादा, तुमची प्रतिक्रिया सकाळी कामावर जाताना वाचली आणि दिवसभर तीच डोक्यात होती, म्हणून आता जेवून लिहायला बसलोय. मी लिहिलं होतं की कॅमच्या कामाला, म्हणजे मशीननं धातू कसा कापायचा ते कॉम्प्युटरवर ठरवायच्या कामाला, त्याच पिढीतल्या इंटेल आय फाइव्ह प्रोसेसरचा डेस्कटॉप आय सेव्हन लॅपटॉपच्या पुढं जातो. तुम्ही म्हणायलाय की हे जुन्या काळातलं झालं, तुमच्या लॅपटॉपातला आय७-१२५५यू दहा कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक भाग), ४.७ गिगाहर्ट्‌झचा, आणि आय५-१२४०० सहाच कोरचा, ४.४ चा, मग सहा दहाच्या पुढं जातातच कसे, आणि मी दुकानवाल्यांचा माणूस आहे असंही म्हणालाय.

दुकानाचं आधी सांगतो. माझं दुकान नाही, कुणाकडनं एक रुपया घेत नाही. उद्यमबागेत एका टूलरूममध्ये डायचे, म्हणजे साच्यांचे, टूलपाथ (कापणाऱ्या हत्याराच्या वाटा) काढतो, दिवसाचे आठ-नऊ तास कॉम्प्युटरपुढंच जातात, म्हणून हा विषय मला जवळचा.

तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत की. खरं त्या दहा कोरमधले मोठे दोनच, बाकीचे आठ छोटे, वीज कमी खाणारे. मोठ्या कोरचे दोन थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), छोट्याचा एक, असे मिळून १२. तिकडं १२४०० मध्ये सहाच्या सहा मोठे, थ्रेड १२च. आणि तुमचं ४.७ हे मोठ्या कोरचं, तेही काम हलकं असताना आणि थोड्या वेळापुरतं.

सगळं अडतं ते वॅटवर. १२५५यू ची बेस पॉवर १५ वॅट, जोरात असताना ५५ पर्यंत. १२४०० ची ६५, आणि वर ११७ पर्यंत. क्लॉक, म्हणजे तो गिगाहर्ट्झचा आकडा, वाढवायचा म्हणजे व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, वर क्लॉकच्या पटीत वाढते ती वेगळीच, त्यामुळं शेवटचा थोडासा वेग मिळवायला वीज भरमसाट जाते. बोटभर जाडीच्या लॅपटॉपात ती उष्णता जाणार कुठं? म्हणून थोड्या वेळानं प्रोसेसर आपणहून खाली येतो. तुम्ही निपाणीचे, तवंदी घाट रोजचा, रिकामी गाडी कशीही चढते, उसाच्या दोन ट्रॉल्या मागं लावल्यावर इंजिन कळतं.

हे नुसतं वाचून लिहिलेलं नाही. आमच्यातल्या एकाच्या पोराकडं नेमका तुमचाच प्रोसेसर आहे, गेल्या रविवारी तो लॅपटॉप मागून आणला, चार्जर लावला, एका डायच्या कॅव्हिटीचा फिनिशिंग टूलपाथ त्यावर आणि माझ्या डेस्कटॉपवर कॅल्क्युलेटला टाकला आणि टास्क मॅनेजर उघडून बघत बसलो. लॅपटॉप झोकात सुटला, साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास. अर्धा मिनिट झाला असेल नसेल, आकडा उतरायला लागला आणि दोनच्या घरात येऊन बसला, पंखा मोठ्यानं ओरडायला लागला, की-बोर्डच्या वरच्या पट्टीला हात ठेववेना. डेस्कटॉप चारवरनं हलला नाही. लॅपटॉपला दीडपटीहून जास्तच वेळ लागला, आणि असे टूलपाथ मी दिवसात कितीतरी काढतो.

आता तुमचं खरं आहे ते. ब्राउझर, एक्सेल, लग्नाची मराठी-कन्नड पत्रिका, साधं टू-डी ड्रॉइंग, यात फरक कळणार नाही, उलट तुमचाच लॅपटॉप चार पावलं पुढं असेल, कारण तिथं एक-दोन कोर घटकाभर पळतात आणि थांबतात. हे माझ्या लेखात यायला पाहिजे होतं, आज रात्रीच घालतो. शिवाय सगळे लॅपटॉप एका मापाचे नाहीत, नावाच्या शेवटी एचएक्स असलेल्यात डेस्कटॉपचीच चिप असते, आय९-१३९८०एचएक्स मध्ये २४ कोर आहेत. २०२० मध्ये ॲपलनं एम१ काढली, तीच चिप मॅक मिनीत आणि तीच मॅकबुक एअरमध्ये, फक्त एअरला पंखा नाही, त्यामुळं लांबलचक कामात तिथं ती मंदावते. आणि पावसाळ्यात खानापूरकडं करंट गेला की चालू काम सांभाळतो तो लॅपटॉपच, यूपीएस नसलेला डेस्कटॉप काळाठिक्कर.

एवढं पोटतिडकीनं का लिहितोय तेही सांगतो. आमच्या नात्यातल्या एकानं उसाच्या बिलातनं पोराला इंजिनिअरिंगला लॅपटॉप घेतला. दुकानात एवढंच सांगितलं, आय सेव्हन आहे, डोळे झाकून घ्या. शेवटी तो नावात यू असलेला, कमी वॅटचा निघाला. पोरगं मोठी असेंब्ली (पुष्कळ भागांचं जोडलेलं ड्रॉइंग) उघडतं आणि बघत बसतं, बाप विचारतो एवढे पैसे घालून असं कसं, आणि पोराला वाटतं आपल्यालाच जमंना. त्याच पैशात जास्त वॅटचा, एच किंवा पी वाला आय फाइव्ह नीट बघून घेता आला असता. हे त्या बापाला आधी कुणी सांगायला नको होतं का?

तुम्ही शेवटी विचारलंय, विकू काय म्हणून. नका विकू. मोठ्या कामाला चार्जर लावूनच बसा, पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर ठेवा, गादीवर ठेवू नका, मागची बाजू इंचभर उचलून घ्या. रॅमची एकच पट्टी असेल आणि दुसरी जागा रिकामी असेल तर तेवढीच दुसरी घाला.

आणि येत्या रविवारी बेळगावला येणं झालं तर लॅपटॉप घेऊन या, तुमची फाइल, तुमचा लॅपटॉप, शेजारी माझा डेस्कटॉप. तुमचा आधी संपला तर लेख बदलून तसं लिहितो.