नासाला समांतर विश्व सापडलं? कुठे?

"नासाला अंटार्क्टिकात समांतर विश्वाचा पुरावा मिळाला, तिथे काळ उलटा चालतो, क्वांटमनेही हे सिद्ध केलंय, मंडेला इफेक्ट त्याचाच परिणाम" हा मेसेज 2020 च्या मे महिन्यापासून फिरतोय आणि अजून दमला नाहीये.

आधी ते "पुरावा मिळाला" बघू. अंटार्क्टिकावर साधारण 37 किलोमीटर उंचीवर उडणाऱ्या भल्यामोठ्या फुग्याला रेडिओ अँटेना टांगून अनिता नावाचा प्रयोग चालायचा, पैसा नासाचा, टीम वेगवेगळ्या विद्यापीठांची. अवकाशातले कण वातावरणावर आदळले की रेडिओ पल्स (रेडिओ लहरींचा छोटासा झटका) निघतो, तो बर्फावर आपटून वर येतो तेव्हा उलटा होऊन येतो, म्हणजे लाटेच्या चढाच्या जागी उतार. पण 2006 आणि 2014 ला सुरू झालेल्या उड्डाणांत एकेक पल्स असा मिळाला की आलाय खालून आणि उलटा मात्र झालेलाच नाही! म्हणजे कण पृथ्वी भेदून वर आला की काय? पण न्यूट्रिनो हा एरवी सगळ्यातून आरपार जाणारा सूक्ष्म कण असला तरी एवढ्या एनर्जीचा न्यूट्रिनो पृथ्वीच्या इतक्या जाडीतून सहीसलामत निघणं जवळपास अशक्य. इथपर्यंतचं कोडं खरंच आहे, ते मी नाकारत नाही. दक्षिण ध्रुवावर बर्फात बसवलेल्या आइसक्यूब या न्यूट्रिनो शोधणाऱ्या यंत्रणेने त्याच दिशांना शोध घेतला, 2020 च्या जानेवारीत सांगितलं की तिथून न्यूट्रिनो येताना दिसत नाहीत. काहींच्या मते बर्फाच्या आतल्या थरांवरून पल्स न उलटता परतला असेल. सगळ्यांना पटलेलं उत्तर अजून नाही, पण उत्तर नाही म्हणजे दुसरं विश्व, हे कुठलं लॉजिक?

मग काळ उलटा कुठून आला? तर 2018 मध्ये बॉयल, फिन आणि ट्युरॉक या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी एक थिअरी मांडली की बिग बँगच्या पलीकडे आपल्या विश्वाचं आरशातल्यासारखं, प्रतिपदार्थाचं (उलट विद्युतभाराच्या जुळ्या कणांचं) रूप असावं, आपल्या बाजूने बघितलं तर तिथे काळ उलटा. याच थिअरीतले जड न्यूट्रिनो पृथ्वीच्या पोटात साठून फुटत असतील आणि अनिताला तेच दिसलं असेल, असा अंदाज दुसऱ्या काही लोकांनी बांधला. अंदाजावर अंदाज, आणि पेपरवाल्यांनी थेट हेडिंगच करून टाकलं. नासाने असं काहीही जाहीर केलेलं नाही.

क्वांटमने "सिद्ध" केलं हे तर साफ चूक. प्रत्येक शक्यता आपापल्या वेगळ्या विश्वात, म्हणजे फांदीत, घडते असं भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटने 1957 मध्ये मांडलं, ते क्वांटम फिजिक्सच्या त्याच गणिताचं एक इंटरप्रिटेशन आहे, नेहमीच्या प्रयोगांत त्याची उत्तरं बाकीच्यांसारखीच येतात, मग कुठलं बरोबर हे ठरवायचं कसं? आणि लग्न करू की नको असा विचार केला की लगेच दोन विश्वं तयार होतात असं त्यात कुठेही नाही हो, फांद्या फुटतात त्या क्वांटम पातळीवरच्या घडामोडींमुळे.

इन्फ्लेशनमधून (विश्व अगदी सुरुवातीला क्षणात प्रचंड फुगलं ही थिअरी) निघणारी बुडबुड्यांसारखी विश्वं हा वेगळाच प्रकार (मेसेजवाले सगळं एकाच पातेल्यात ढवळतात). आपल्याला दिसू शकणारं विश्व सगळीकडे साधारण 4600 कोटी प्रकाशवर्षांपर्यंत, ते बुडबुडे असलेच तर त्याच्याही बाहेर. शेजारचा बुडबुडा कधी आपटला असेल तर बिग बँगनंतरच्या प्रकाशात गोल डाग राहायला हवेत, तेही शोधून झालं, ठोस काही मिळालं नाही.

राहिला मंडेला इफेक्ट, म्हणजे खूप जणांना एकच चुकीची गोष्ट खरी म्हणून आठवणं. मंडेला 1990 मध्ये तुरुंगातून सुटले, 2013 मध्ये वारले, ते तुरुंगातच वारले असं कित्येकांना "आठवतं" कारण मेंदू आठवण दरवेळी नव्याने जुळवतो. आणि एव्हरेटचं खरं धरलं तरी फांद्या एकदा वेगळ्या झाल्या की त्यांचा एकमेकींशी व्यवहार संपतो, मग तिकडची आठवण इकडे येणार कुठल्या रस्त्याने?