पिन्याटा घरी करा, आणि मुद्दाम जरा कच्चा करा

पिन्याटा म्हणजे आत खाऊ भरून उंच टांगलेली कागदी वस्तू, पोरांनी काठीने फोडायची. वाढदिवसाच्या सामानाच्या दुकानांत मात्र हल्ली पुठ्ठ्याचा, वयाचा आकडा मिळतो. त्याच्या खाली रिबिनी लोंबतात, सगळ्या पोरांनी एकदम ओढल्या की तळ उघडतो आणि चॉकलेटं पडतात. अर्ध्या मिनिटात संपलं. त्यालाही पिन्याटा म्हणतात, पण माझ्या मते तो आपला जुना खाऊचा फुगाच, फक्त महाग. निदान त्या फुग्यातले थर्माकोलचे मणी डोळ्यांत जात नाहीत, एवढं श्रेय देते.

खरी मजा ज्याचा त्याचा नंबर येण्यात आहे. डोळ्यांवर पट्टी, हातात काठी, आणि बाकीची पोरं कोकलतायत, ‘डावीकडे! अरे, तुझ्या डावीकडे!’ मेक्सिकोत हा खेळ नाताळाच्या आधीचा, 16 ते 24 डिसेंबरच्या पोसादा उत्सवातला. तिथला पारंपरिक पिन्याटा म्हणजे सात टोकांची चांदणी. सात टोकं ही सात पापं, डोळ्यांवरची पट्टी म्हणजे श्रद्धा, असा अर्थ मिशनऱ्यांनी लावून दिला. आत पूर्वी मातीचं मडकं असायचं. खापऱ्या डोक्यात पडण्यापेक्षा कागद बरा, म्हणून आता बहुतेक कागदाचेच करतात. आणि त्यात भरतात काय? ऊस, भुईमुगाच्या शेंगा, संत्री. मी हे वाचलं तेव्हा हसूच आलं. आपण बोरन्हाणात जवळजवळ हेच बाळाच्या डोक्यावर ओततो की!

म्हणून लेकीच्या वाढदिवसाला चांदणीच केली. तिला युनिकॉर्न हवा होता, मी ठाम नाही म्हटलं. लाडक्या प्राण्याला काठीने बडवताना निम्मी पोरं खिदळतात आणि एखादं हमखास रडतं. चांदणीचं कुणाला वाईट वाटत नाही.

कृती सोपी आहे, वेळ तेवढा वाळण्यात जातो. मोठा फुगा फुगवायचा. वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या हाताने फाडायच्या. कात्रीने कापल्या तर कडा उठून दिसतात, फाडलेल्या एकमेकींत मिसळून जातात. एक वाटी मैद्याला चार वाट्या पाणी घेऊन खळ शिजवायची, बुरशी लागू नये म्हणून चिमूटभर मीठ. (पूर्वी खळीत मोरचूद घालायचे. ते विषारी असतं आणि इथे पोरांचे हात बरबटणार आहेत, तेव्हा अजिबात नको.) एक थर उभा, पुढचा आडवा, आणि प्रत्येक थर खडखडीत वाळल्याशिवाय पुढचा लावायचा नाही. पावसाळ्यातला वाढदिवस असेल तर आठवडाभर आधी सुरुवात करा आणि पंखा चालू ठेवा.

थर किती, यावर सगळा खेळ अवलंबून आहे. पाच-सहा वर्षांच्या पोरांसाठी तीन पुरे. आपल्याला मजबूत करण्याची खुमखुमी असते, पण चार-पाच थर झाले की तो पोरांच्याने फुटत नाही, मग कुणाचे तरी बाबा पुढे येऊन फोडतात आणि पोरं हिरमुसतात. जाड करायचाच तर फक्त दोरी ओवायच्या भोकांभोवती करा, तिथे आतून पुठ्ठाही लावा. नाहीतर पहिल्याच फटक्याला न फुटता अख्खा खाली येतो. मग फुगा फोडून काढायचा, पुठ्ठ्याचे शंकू चिकटवायचे, आणि क्रेप कागदाच्या झालरी खालून वर लावत जायच्या.

सासूबाईंचं म्हणणं, ‘फोडायचंच आहे तर एवढं नटवायचं कशाला?’ असं म्हणत खळ मात्र त्यांनीच ढवळली, आणि एकही गुठळी नव्हती. लेकीला असला प्रश्न पडलाच नाही. ज्या झालरी तिने स्वतः चिकटवल्या, त्यांच्यावरच तिने पहिली काठी मारली.

दोरी झाडाच्या फांदीवरून टाकून दुसरं टोक एका मोठ्या माणसाच्या हातात द्या. पिन्याटा वर-खाली करता आला की खेळ लांबतो. खडूने मोठा गोल आखा, काठीवाला सोडून आत कुणी नाही. सगळ्यात लहान आधी. आत चिक्की, शेंगा, लिमलेटच्या गोळ्या घाला. चॉकलेट उन्हात वितळतं. फुटण्याआधीच प्रत्येकाच्या हातात कागदी पिशवी द्या आणि चिल्ल्यापिल्ल्यांचा वाटा बाजूला काढून ठेवा, कारण दांडगी पोरं सगळं लुटतात.

आणि काठी खाली ठेवल्याशिवाय कुणी वेचायला धावायचं नाही. हा नियम मोठ्यांनाही सांगा. आमच्याकडे चिक्कीसाठी सगळ्यात आधी दोन बाबाच धावले होते.